लाकडाच्या बँडसॉवर लोखंड कापताना पट्टा सारखा का जातो

आधी लक्षण सांगतो, म्हणजे तुमचं दुखणं तेच आहे का ते कळेल. बँडसॉ म्हणजे दोन चाकांवरून दातांचा अखंड पट्टा पळवून कापणारी करवत. पट्टा नवा, माल साधा एमएस, म्हणजे माइल्ड स्टील, नेहमीचं लोखंड. पहिला कट मस्त जातो. दुसऱ्याला जोर लावावा लागतो. तिसऱ्याला पट्टा नुसता घासत राहतो, कटाची कड निळी पडते, आणि मशीन बंद करून अंगठा फिरवला तर दातांच्या जागी गुळगुळीत धार लागते. नवा पट्टा चढवला की पुन्हा तेच रामायण. माझे असे पाच पट्टे गेले. दुकानदार दर वेळी म्हणायचा, पट्टा हलका आहे, भारीतला न्या. भारीतला नेला. तो दहा मिनिटं जास्त जगला.

आमचं काम मुळात फर्निचरचं, कोल्हापुरात. वडिलांच्या वेळचा चौदा इंची बँडसॉ आहे, बीडाच्या फ्रेमचा, साग-शिसम कापत आयुष्य काढलेला. गेल्या काही वर्षांत निम्म्या ऑर्डरी अशा यायला लागल्या की खाली एमएसची फ्रेम आणि वर लाकडाची फळी. चॉपसॉच्या (गोल चकतीने लोखंड कापणाऱ्या मशीनच्या) आवाजाने शेजारी वैतागलेले, ठिणग्यांनी पॉलिश केलेला माल खराब होतो. तेव्हा म्हटलं, उभं मशीन दारात आहे, त्यालाच लोखंडाची सवय लावू. सवय लावायला सात-आठ महिने गेले. त्यात जिथे जिथे अडकलो ते इथे मांडतोय. बहुतेक जण पहिल्याच पायरीवर अडकून पट्ट्याला शिव्या घालतात, आणि त्यात पट्ट्याचा दोष फार थोडा असतो.

पट्टा किती जोरात पळतोय ते मोजा

अंदाज करू नका, मोजा. चाकाचा व्यास ३५० मिलिमीटर, म्हणजे एका फेऱ्यात पट्टा १.१ मीटर पळतो. मोटर १४४० फेऱ्यांची, मोटरवर ७५ मिलिमीटरची पुली, चाकाच्या शाफ्टवर १२५ ची. चाक मिनिटाला ८६४ फेरे घेतं आणि पट्टा ९५० मीटर. मिनिटाला जवळजवळ एक किलोमीटर! लाकडाला हा वेग बरोबर आहे. साध्या लोखंडाला बाय-मेटल पट्टा घेतला तर ३० ते ४० मीटर पुरे. साधा कार्बन स्टीलचा पट्टा असेल तर ३० च्या आतच राहा. स्टेनलेस ३०४ ला १५ ते २५. पितळेला ६० ते १०० चालतं.

म्हणजे आपण लोखंडाला पंचवीस-तीस पट वेगाने घासतोय. दात कापायच्या आधी तापतो. कार्बन स्टीलचा दात २०० अंशांच्या पुढे गेला की टेम्पर, म्हणजे दाताचा कडकपणा, उतरायला लागतो. बाय-मेटल पट्ट्याचा दात हायस्पीड स्टीलचा असतो, मागची पाठ स्प्रिंग स्टीलची. तो साडेपाचशे-सहाशे अंशांपर्यंत टिकाव धरतो. भारीतला पट्टा दहा मिनिटं जास्त जगला तो एवढ्यामुळेच. मरायचा तो मेलाच.

अ‍ॅल्युमिनियमचा विषय इथेच संपवतो. तुम्हाला फक्त अ‍ॅल्युमिनियम सेक्शन नि प्लेटा कापायच्या असतील तर मशीनला हातही लावू नका. लाकडाच्या वेगावर अ‍ॅल्युमिनियम छान कापतं. जाड प्लेटेला इंचाला सहा दातांचा पट्टा लावा, पातळाला बारीक, आणि दर दोन-तीन कटांनी पट्ट्याला मेणबत्ती घासा, नाहीतर दातांच्या खोबणीत अ‍ॅल्युमिनियम चिकटून गोळा होतो. रॉकेल शिंपडणारे पाहिलेत; लाकडाच्या कारखान्यात तो उद्योग नको. लोखंडासाठी केलेली ही सगळी उठाठेव अ‍ॅल्युमिनियमला लागत नाही, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर पहिला महिना वाचला असता.

नुसती पुली बदलून भागत नाही

सगळे पहिल्यांदा हेच करतात, मीही केलं. मोटरवर ५० ची पुली, चाकाला ३०० ची. सहास एक. हिशेब केला असता तर तेव्हाच कळलं असतं की पट्टा २६४ मीटरवर आला, म्हणजे अजून आठपट जास्तच. शिवाय ५० ची पुली ए-सेक्शनच्या (व्ही-बेल्टचं एक माप) बेल्टला फार लहान पडते. बेल्ट तिच्यावरून वळताना चुरगळतो आणि महिन्याभरात तडकतो.

या वेगाला ठिणग्या उडतात. एक दिवस दुपारी पाइप कापले, संध्याकाळी शटर ओढताना जळकट वास आला. वायरिंग बघितलं, काही नाही. बँडसॉचं खालचं झाकण उघडलं तर कोपऱ्यातला सागाचा भुसा आतून धुमसत होता. वरून तपकिरी, खाली निखारा. ज्वाला दिसत नव्हती म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. आम्ही शटर लावून गेलो असतो तर सकाळी काय उरलं असतं कोण जाणे.

त्यामुळे लोखंडाचा पहिला कट घेण्याआधी खालचं आणि वरचं झाकण उघडून ब्रशने, मग व्हॅक्यूमने भुसा पूर्ण काढा. धूळ ओढणारा पाइप काढून ठेवा. गरम कीस त्यातून भुशाच्या पिशवीत गेला तर आग पिशवीत लागेल. वेग कमी केल्यावर ठिणग्या थांबतात, पण शेजारी कुणी ग्राइंडर चालवत असेल तर तेवढाच धोका. हे काम आमच्याकडे आता ठरून गेलंय: लाकडावरून लोखंडावर यायचं तर आधी झाडू.

ड्राइव्ह लावला, वेग आला, ताकद गेली

दुसरा उपाय सगळे सुचवतात तो व्हीएफडी ड्राइव्ह, म्हणजे विजेची फ्रिक्वेन्सी बदलून मोटरचा वेग कमी-जास्त करणारा डबा. आधी एक इशारा. तुमची मोटर सिंगल फेज कपॅसिटर-स्टार्ट असेल तर तिला ड्राइव्ह लावू नका. तिच्या आतला सेंट्रिफ्यूगल स्विच ठरावीक वेग आल्यावरच सुटतो. कमी वेगावर तो सुटतच नाही आणि स्टार्टिंग वाइंडिंग जळतं. तीन फेजची मोटर हवी. त्यातही नेमप्लेट वाचा. स्टार आणि डेल्टा या मोटरचं वाइंडिंग जोडायच्या दोन रीती. छोट्या मोटरी बहुधा ४१५ व्होल्ट स्टारच्या असतात आणि घरगुती सिंगल फेजवर चालणारा ड्राइव्ह २३० व्होल्टचे तीन फेज देतो, म्हणून मोटर डेल्टात जोडावी लागते. टर्मिनल बॉक्समध्ये तीनच वायरी आल्या असतील तर स्टारचा सांधा आत वाइंडिंगमध्ये आहे. तो बाहेर काढायला रिवाइंडिंगवाल्याकडे जावं लागेल.

मी एक एचपीची तीन फेज मोटर लावली, ड्राइव्ह ६ हर्ट्झवर आणला. सहास एक पुली होतीच. पट्टा ३२ मीटरवर आला. हातात टॅकोमीटर घेऊन नाचायचं बाकी होतं. मग चाळीसचा सळईचा तुकडा लावला आणि पट्टा जागच्या जागी थांबला.

मोटरचा पिळ, म्हणजे टॉर्क, ड्राइव्ह वाढवत नाही. फार तर आहे तेवढा टिकवतो. ५० हर्ट्झवर पाऊण किलोवॅट देणारी मोटर ६ हर्ट्झवर ९० वॅट देते. ९० वॅटमध्ये घरातला मिक्सरसुद्धा चालत नाही. वर तिचा पंखा तिच्याच शाफ्टवर, तोही रांगतोय, म्हणून मोटर तापते. नेटवर ड्राइव्हचं कौतुक करणारे बहुतेक जण पातळ पट्टी कापून दाखवतात. भरीव माल लावून दाखवा म्हणावं.

ताकद टिकवून वेग उतरवायचा तर दाते लागतात. गिअर. दुसरा रस्ता मला तरी सापडला नाही.

गिअरबॉक्स लावला तरी चाक थांबतं

हा भाग सावकाश वाचा, कारण इथे मी स्वतःच्या अकलेने दोन महिने घालवले.

भंगारातून तीसास एकचा वर्म गिअरबॉक्स (आट्यांच्या दांड्याने दात्यांचं चाक फिरवणारा) मिळाला. मोटर थेट गिअरबॉक्सला जोडली, बाहेर निघाले ४८ फेरे. तिथून १०० ची पुली, चाकाला १८० ची, मधे व्ही-बेल्ट. चाकाला साधारण २७ फेरे, पट्टा २९ मीटर. कागदावर अगदी चोख.

पहिल्या दिवशी पट्टा उलटा फिरला, दात वरच्या दिशेला. वर्मचा बाहेरचा शाफ्ट काटकोनात निघतो आणि कुठल्या बाजूने घ्याल त्यावर दिशा ठरते, हे डोक्यातच नव्हतं. तीन फेज असल्याने दोन वायरी अदलाबदल केल्या, झालं. पट्टा चढवायच्या आधी नुसतं चाक फिरवून बघा, एवढाच धडा.

खरं दुखणं पुढे. माल लावला की मोटर घूं करत फिरतेय, गिअरबॉक्सची पुली फिरतेय, आणि चाक ठप्प. बेल्टमधून रबर जळल्याचा वास. ताण वाढवला, बेल्ट नवा घातला, डबल खाचेची पुली केली. दोन कट बरे, तिसऱ्याला पुन्हा ठप्प. मग उद्यमनगरातल्या आमच्या लेथवाल्या मामांना बोलावलं. त्यांनी काही न बोलता चालू गिअरबॉक्सच्या पुलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हा बेल्ट किती हळू चाललाय बघितलास का?"

"हळूच चालायला पायजे ना मामा, त्यासाठीच तर गिअरबॉक्स."

"बेल्टला हळू काम जमत नाही, बाळ. त्याला पळवायचं आणि चेनला ओढायला लावायचं. तू उलटं केलंयस."

घरी येऊन हिशेब मांडला. ताकद म्हणजे ओढ गुणिले वेग. मोटरवरची ७५ ची पुली बेल्टला मिनिटाला सुमारे ३४० मीटर पळवते. गिअरबॉक्सच्या बाहेरची १०० ची पुली १५ मीटर. तेवढीच ताकद पोचवायची तर या हळू बेल्टवर ओढ बावीस पट यायला हवी. वर्ममध्ये घर्षणात जातं ते वजा केलं तरी पंधरा पट. ए-सेक्शनचा बेल्ट कितीही ताणा, एवढं तो धरूच शकत नाही. मी ताण वाढवत होतो ते पाण्यात काठी मारणं होतं.

मग सगळं उलटं लावलं. मोटर ते गिअरबॉक्स बेल्ट, कारण तिथे वेग आहे. गिअरबॉक्स ते चाक चेन, कारण तिथे ओढ आहे. दोन पायऱ्यांची पुली मामांनी करून दिली: मोटरकडे ७५ आणि १०५, गिअरबॉक्सकडे १३५ आणि १०५. दोन्ही जोड्यांची बेरीज २१० येते, म्हणून एकच बेल्ट दोन्हीवर बसतो. खालच्या पायरीवर पट्टा २९ मीटर, वरच्यावर ५३. चेन अर्धा इंच पिचची, दोन्हीकडे २५ दातांचे स्प्रॉकेट. मोटरसायकलची ४२८ नंबरची चेनही अर्धा इंच पिचचीच असते, आणि माझ्या मशीनवर आज तीच आहे. स्प्रॉकेट लहान घेऊ नका. चौदा दातांचं घेतलं तर चेनवरची ओढ जवळजवळ दुप्पट होते.

ड्राइव्ह फेकून दिला नाही. आता तो ३० ते ५० हर्ट्झच्या आतच फिरवतो. ३० वर पट्टा साडेसतरा मीटरवर येतो, तो स्टेनलेसला.

एक सांगायचं राहिलं, ते महत्त्वाचं आहे. हळू पट्टा बघून भीती मरते. लाकडाच्या वेगावर आपण सावध असतो. २९ मीटरवर पट्टा खेळण्यासारखा वाटतो. पण आता त्याच्यामागे कितीतरी पट पिळ आहे. बोट मधे आलं तर तो थांबणार नाही, आणि हातमोजा अडकला तर हातासकट ओढेल. मोजे नकोत, चेनला पत्र्याचं कव्हर हवं, बंद करायचं लाल बटण गुडघ्याने दाबता येईल असं खाली लावा.

वेग बरोबर, तरी दात झडतात

इथून पुढे पट्टा गुळगुळीत होत नाही, मोडतो. फरक ओळखायला शिका. दात बोथट झालेत म्हणजे उष्णता. दात मुळापासून उडालेत, मधेच तोंडातले दोन-तीन पडल्यासारखी खिंड दिसते, म्हणजे मालाच्या जाडीला दात फार मोठे.

नियम जुना आहे आणि अजून चुकलेला नाही: कापताना कमीत कमी तीन दात मालात असले पाहिजेत. चौदा टीपीआयच्या, म्हणजे इंचाला चौदा दातांच्या, पट्ट्यात दोन दातांमधलं अंतर १.८ मिलिमीटर. २५ चा चौकोनी पाइप, जाडी दोन मिलिमीटर, टेबलावर आडवा ठेवून ढकलला. पट्टा आधी समोरची उभी भिंत घेतो. पंचवीस मिलिमीटर उंच, एका वेळी तेरा-चौदा दात आत. सगळं छान. ती भिंत संपली की अचानक वरची आणि खालची दोन मिलिमीटरची पातळ पाळ उरते आणि तिथे एकेकच दात पोचतो. आपला हात मात्र अजून त्याच जोराने ढकलतोय. पाळ दोन दातांच्या मधल्या खोबणीत शिरते आणि दात घेऊन बाहेर येते. टक्, टक्, टक् असा आवाज येतो. आवाज आला की उशीर झालेला असतो.

उपाय दोन. एक, २४ टीपीआयचा पट्टा. दुसरा मला जास्त आवडला: लाकडात व्ही खाच पाडून तिच्यात पाइप कोपऱ्यावर उभा ठेवायचा. भिंती पंचेचाळीस अंशांत तिरक्या झाल्या की दोन मिलिमीटरची पाळ पट्ट्याला २.८ मिलिमीटरची दिसते, आणि भिंत अचानक संपत नाही. सुरुवात मात्र कोपऱ्याच्या टोकावर होते, तेव्हा पहिले तीन-चार सेकंद अगदी हलका हात. मी सागाच्या वाया गेलेल्या तुकड्यातून असे तीन व्ही केलेत, एकेक मापाचे.

गोल सळईलाही हाच व्ही, आणि वर क्लॅम्प. गोल माल नुसता हाताने धरून पट्ट्याला लावला तर पट्टा तो गरकन फिरवतो, आणि बोटं त्याच्याबरोबर जातात. हा अपघात लाकडाच्या गोल दांड्यावरही होतो, लोखंडावर जास्त वाईट होतो.

पातळ पत्रा कापायचा असेल तर दोन प्लायच्या मधे आवळून कापा. दात मोजताना प्लाय धरू नका, तो फक्त पत्र्याची थरथर थांबवतो आणि आपला उतावळा हात आवरतो.

हात किती जोराने लावायचा हे शब्दांत सांगणं अवघड आहे, म्हणून कीस बघा. टेबलावर पडलेला थोडा तळहातावर घ्या. बारीक पीठ असेल तर दात कापत नाही, घासतोय, जोर वाढवा. छोट्या कुरळ्या, चांदीसारख्या कळ्या असतील तर तसंच चालू द्या. तपकिरी-निळ्या, जाड आणि गरम असतील तर वेग तरी जास्त आहे नाहीतर जोर. स्टेनलेसला हलक्या हाताने कुरवाळणं सगळ्यात वाईट. घासलं की ते जागच्या जागी कडक होतं आणि मग कुठलाच दात शिरत नाही. एकदा कट धरला की अर्ध्यात थांबू नका.

नवा पट्टा पहिली दहा-पंधरा मिनिटं निम्म्या जोराने चालवा. नवीन दातांची टोकं फार तीक्ष्ण असतात, एकदम जोर आला की सूक्ष्म कपचे उडतात. ही गोष्ट मी अंधश्रद्धा समजत होतो. तसा चालवलेला पट्टा आता चौथ्या महिन्यात आहे.

आणि माल ओळखा. टीएमटी, म्हणजे बांधकामाच्या, सळईची बाहेरची साल मुद्दाम कडक केलेली असते, ती दातांना साध्या सळईपेक्षा खूप जास्त खाते. गॅसने कापलेल्या प्लेटेची कड कडक असते, तिथून सुरुवात करू नका. गाडीच्या कमानीचा पाटा तर लावूच नका.

पट्टा मधेच तुटतो

तुटलेला पट्टा फेकू नका, तुटलेल्या जागेकडे बघा. बरोबर सांध्यावर, सरळ रेषेत, काच तुटावी तसा तुटला असेल तर वेल्डिंग करणाऱ्याने सांधा नीट मऊ केलेला नाही. वेल्ड केल्यावर तो भाग मंद लाल करून सावकाश थंड करावा लागतो. घाईत ते राहतं. सांधा चाचणीला सोपा आहे: पट्टा घेताना सांध्याची जागा दोन्ही हातांत धरून हलकी कमान करा. बाकी पट्ट्यासारखी गोल कमान झाली तर ठीक. तिथेच टोक निघालं तर सांधा मऊ पडलाय, वाकतच नसेल तर कडक राहिलाय.

गंमत म्हणजे या यंत्राचा सगळा इतिहासच या सांध्यावर अडकलेला होता. लंडनच्या विल्यम न्यूबेरीने बँडसॉचं पेटंट १८०८ साली घेतलं, पण सांधा टिकेल असा पट्टाच करता येत नव्हता. आन पोलाँ क्रेपां या फ्रेंच बाईंनी १८४६ साली पट्टा जोडायची रीत काढली, तेव्हा कुठे यंत्र कामाचं झालं. अडतीस वर्षं एका वेल्डसाठी.

चिरा दातांच्या खोबणीतून आत जात असतील तर पट्टा चाकाला जाड होतोय, ताण जास्त आहे, नाहीतर गाइड (पट्ट्याला दोन्ही बाजूंनी सरळ धरणारे ठोकळे) घट्ट आहेत. चिरा पाठीकडून येत असतील तर आपण माल फार रेटतोय आणि पट्टा मागच्या बेअरिंगवर दाबला जातोय.

जाडीबद्दल दुकानात ऐकू नका. लोखंडाच्या मशीनला २७ मिलिमीटर रुंद, ०.९ जाड पट्टा लावतात म्हणून मीही तो आणला होता. बाय-मेटल पट्ट्याला दर चौरस मिलिमीटरला सतरा-साडेसतरा किलोचा ताण लागतो. २७ च्या पट्ट्याचा हिशेब केला तर एका बाजूला सव्वाचारशे किलो, आणि वरच्या चाकाला दोन्ही बाजू मिळून साडेआठशे. आमच्या फ्रेमचा स्प्रिंग त्याआधीच चपटा झाला. चौदा इंची लाकडी बँडसॉला चार सुती, म्हणजे १३ मिलिमीटर रुंद आणि ०.६५ जाड पट्टा योग्य. त्याला वरच्या चाकावर तीनशे किलोच्या आत भागतं.

चाकाचं रबर आणि गाइड

लोखंडाच्या मशीनची चाकं उघड्या बीडाची असतात. लाकडाच्या मशीनला रबराचा टायर असतो, आणि लोखंडाचा कीस त्यात रुतून बसतो. आठवड्याभरात टायर पॉलिश पेपरसारखा होतो आणि पट्टा चालता चालता डावी-उजवीकडे उड्या मारतो. खालच्या चाकाला टेकेल असा कडक ब्रश बसवा, आणि पट्ट्याच्या दातांना एक छोटा. जुना बुटाचा ब्रश चालतो. टायर रबराचा आहे तोपर्यंत तेल किंवा कटिंग ऑइलची धार लावू नका. रबर फुगतं आणि पट्टा घसरतो. मेणाची कांडी पुरते.

लाकडी किंवा फायबरचे गाइड ठोकळे लोखंडाच्या किसाने खाल्ले जातात. बंद बेअरिंगचे गाइड लावा, पट्टा आणि बेअरिंग यांत एक कागद सहज सरकेल एवढीच फट, आणि गाइड मालाच्या जितके जवळ आणता येतील तितके आणा.

कट तिरका जातो

हे सगळं झाल्यावर एक तक्रार उरते. सगळं ठीक, पण कट एका बाजूला ओढतो. बहुतेक वेळा एका बाजूच्या दातांची पाकळी, म्हणजे बाजूला वाकवलेलं टोक, घासून गेलेली असते, कारण पट्टा कधीतरी मागे सरकून दात गाइडच्या बेअरिंगला लागले. पट्टा उजेडात आडवा धरून एका डोळ्याने दातांच्या ओळीतून बघा. एका बाजूचे दात चमकत असतील तर तो पट्टा लोखंडासाठी संपला. मी असे पट्टे अ‍ॅल्युमिनियमसाठी बाजूला ठेवतो.

लाकडासाठी मात्र ठेवत नाही. लोखंडाचा बारीक कीस सागावर किंवा बाभळीवर राहिला आणि पावसाळी हवा लागली की लाकडातलं टॅनिन त्याच्याशी मिळून काळे डाग पडतात. ते रंध्याने जातात, तेही खोल गेले नसतील तर. एका जेवणाच्या टेबलाची फळी अशी परत आली. तेव्हापासून लोखंडाचा दिवस आणि लाकडाचा दिवस वेगळा, आणि मधे झाडू, व्हॅक्यूम, आणि टेबलावर चुंबक फिरवणं.